थांबण्याचे पैसे नंतर, आधी कमावलेले द्या

विक्री विभागातील माणसे का सोडून जातात, याविषयी आमच्या कंपनीच्या संचालक मंडळाला खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व सर्व संचालक,
तसेच विक्री विभाग आणि मनुष्यबळ विभागाचे प्रमुख यांस,

सादर नमस्कार.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्या कार्यालयातून निघालेले परिपत्रक माझ्यासमोर आहे. त्यानुसार विक्री विभागातील निवडक कर्मचाऱ्यांना 1,80,000 रुपयांचा रिटेन्शन बोनस, म्हणजे नोकरीत टिकून राहण्यासाठीची रक्कम, मिळणार आहे. त्यातला निम्मा स्वीकृतिपत्रावर सही केल्यानंतरच्या पगारात आणि उरलेला 24 महिने पूर्ण झाल्यावर मिळेल. मधल्या काळात नोकरी सोडल्यास मिळालेली संपूर्ण रक्कम, तीही कर कापण्यापूर्वीची, परत करायची आहे. शिवाय सही करणाऱ्याचा नोटीस पीरियड 30 दिवसांवरून 90 दिवसांवर जाणार आहे. निवडक नावांत माझेही नाव आहे आणि सहीची मुदत 31 तारखेला संपते. मी अजून सही केलेली नाही. का केलेली नाही, हे सांगण्यासाठी हे पत्र आहे.

उघड पत्र लिहिण्याची मला हौस नाही. याआधी मी रीतसर मार्गाने तीन वेळा लिहिले. पहिल्या पत्राची पोहोच मिळाली, दुसऱ्यानंतर माझ्या वरिष्ठांचा ‘जरा दमाने घ्या’ असा फोन आला आणि तिसऱ्याचे काय झाले ते मला ठाऊक नाही. कंपनीचे नाव मी लिहिलेले नाही. ज्यांना हे पत्र आहे त्यांना ते पहिल्याच परिच्छेदात ओळखता आले असेल. वागळे इस्टेटपासून तळोज्यापर्यंत मार्केटमध्ये फिरणाऱ्या दुसऱ्या कंपन्यांच्या माणसांना हे आपल्याच कंपनीविषयी लिहिले आहे असे वाटले, तर त्याला माझा इलाज नाही.

मी या कंपनीत 2012 साली सेल्स ऑफिसर म्हणून लागलो आणि आज ठाणे आणि नवी मुंबईचा भाग सांभाळतो. वायर, स्विच आणि एमसीबी (वीज आपोआप तोडणारे सुरक्षा-स्विच) विकण्यापलीकडे मला फारसे काही येत नाही, पण तेवढे बरे येते. घोडबंदर रस्त्यावर मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत जे टॉवर उभे राहिले, त्यांतल्या कित्येकांच्या भिंतींत आपली वायर आहे आणि ती कोणत्या दुकानातून गेली हे मी आजही सांगू शकतो. माझ्या घराचे हप्ते, मुलीचे शिक्षण आणि आईची औषधे याच नोकरीवर चालतात. त्यामुळे हे पत्र कंपनीचे वाईट चिंतणाऱ्या माणसाचे आहे, असा समज कृपया करून घेऊ नये.

आधी पहिल्या रिटेन्शन बोनसचे काय झाले ते पाहू, कारण दुसरा जाहीर करताना त्याचा कोणी हिशेब मांडलेला दिसत नाही. 2024 च्या दिवाळीआधी आपण जाहीर केले की, जो पुढच्या ऑक्टोबरपर्यंत टिकेल त्याला 90,000 रुपये एकरकमी मिळतील. आमच्या टीममध्ये तेव्हा नऊ जण होते. वर्षभरात एकानेही राजीनामा दिला नाही आणि मुख्य कार्यालयातल्या बैठकीत योजना यशस्वी झाल्याचे सांगण्यात आले. ऑक्टोबर 2025 च्या पगारात रक्कम जमा झाली आणि नोव्हेंबर संपेपर्यंत नऊपैकी पाच जणांनी राजीनामे दिले. मुख्य कार्यालयाला धक्का बसला, आम्हाला मात्र बसला नाही. त्या पाचांपैकी तिघांची नवी नोकरी गणपतीच्या सुमारासच ठरली होती आणि ‘दिवाळी झाली की येतो’ असे त्यांनी तिकडे सांगून ठेवले होते. माणसे थांबली ती बोनसपुरती, आणि शेवटचे तीन महिने तर केवळ हजेरीपुरती. मार्केटमध्ये हे डीलरांनाही माहीत होते. आमच्यात या बोनसला ‘दावे’ म्हणतात. दाव्याला बांधलेले जनावर गोठ्यात असते हे खरे, पण त्याचे लक्ष कुठे असते ते गुराख्याला विचारावे.

गेलेल्या पाच जणांपैकी फक्त एकाला नवीन ठिकाणी डोळ्यात भरण्यासारखी पगारवाढ मिळाली. दोघे जवळपास त्याच पगारावर दुसऱ्या वायर कंपनीत गेले, एकाने बदलापूरला भावाबरोबर हार्डवेअरचे दुकान टाकले आणि एक हातात दुसरी नोकरी नसताना गेली. केवळ पैशासाठी माणसे जातात असे मानून पैशानेच ती थांबवायची असतील, तर हा तपशील जुळत नाही.

मग ही माणसे गेली कशासाठी?

पहिले कारण 12 जून 2024 चे परिपत्रक. संचालकांना धंदा समजावण्याची गरज नाही, पण हे पत्र इतरही वाचणार आहेत म्हणून सांगतो. घरात वापरतात त्या वायरच्या 90 मीटरच्या बंडलाच्या किमतीत मोठा वाटा तांब्याचा असतो आणि तांबे महागले की प्राइस लिस्ट बदलते. लिस्ट वर जाणार अशी कुणकुण लागली की डीलर दोन महिन्यांचा माल आठ दिवसांत उचलतो आणि खाली येणार असे वाटले की हात आखडता घेतो. 2024 च्या मे महिन्यात लंडनच्या धातुबाजारात तांबे टनाला 11,000 डॉलरच्या पुढे गेले. आम्ही रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत ऑर्डरी घेतल्या, भिवंडीच्या गोदामात उभे राहून गाड्या भरून घेतल्या, आणि एप्रिल-जून या तिमाहीचे टार्गेट मे महिन्यातच ओलांडले. बहुतेक जण इन्सेंटिव्हच्या, म्हणजे विक्रीवर मिळणाऱ्या जादा पैशाच्या, सर्वात वरच्या स्लॅबमध्ये जाणार, हे दिसू लागले होते.

त्यावर ते परिपत्रक आले. भाववाढीमुळे झालेली विक्री ही कर्मचाऱ्याच्या प्रयत्नांचे फळ मानता येत नाही, म्हणून 1 एप्रिलपासूनच्या विक्रीला नवे, खालचे स्लॅब लागू होतील, असे त्यात म्हटले होते. म्हणजे खेळ संपत आला असताना गोल कुठे धरायचा हे नव्याने ठरले. माझे त्यात 52,000 रुपये गेले. तरीही वादासाठी कंपनीचेच म्हणणे मान्य करू. जुलै-सप्टेंबरचे टार्गेट ठरले ते त्याच फुगलेल्या आकड्यावर आणखी 10 टक्के चढवून. ऑगस्टच्या सुरुवातीला तांबे 9,000 डॉलरच्या खाली आले. डीलरांची गोदामे मे-जूनच्या महाग मालाने भरलेली होती, त्यांनी खरेदी थांबवली, आणि आमच्या नऊ जणांपैकी एकालाही त्या तिमाहीचा इन्सेंटिव्ह मिळाला नाही. भाव पडल्यामुळे न झालेली विक्री हा कर्मचाऱ्याचा दोष कसा, असे आम्ही विचारले, तेव्हा टार्गेट रुपयांत असते आणि नियम सर्वांना सारखा, असे उत्तर आले. भाव चढला तर ती बाजाराची करणी आणि पडला तर आमची नाकर्तेगिरी, असा हा नियम आहे. रिटेन्शन बोनसची घोषणा याच तिमाहीच्या पाठोपाठ झाली, हा योगायोग आहे असे मी मानत नाही. कमावलेले काढून घ्यायचे आणि थांबण्यासाठी वेगळे द्यायचे, यात देणाऱ्याला औदार्य दिसत असेल, घेणारा मात्र दोन्ही आकडे शेजारी-शेजारी मांडून पाहतो.

दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे आणि त्याविषयी मला सविस्तर लिहायचे आहे, कारण माझ्या मते माणसे जाण्याचे ते खरे कारण आहे आणि ते आपल्या एकाही अहवालात नाही.

घणसोलीत एक दुकान आहे. बारा फुटांचा गाळा, मालक साठीचे आणि मी त्यांना काका म्हणतो. गेल्या ऑगस्टमध्ये आपण दिवाळीची योजना जाहीर केली, ती दर 50 बंडलांमागे 50 ग्रॅमचे चांदीचे नाणे अशी होती. काकांनी 400 बंडले उचलली. त्यातली निम्मी तरी त्यांनी मी ‘घ्या, दिवाळीत लागतील’ म्हणालो म्हणून उचलली, हे मला कबूल केले पाहिजे, कारण तिमाहीअखेर आमच्याही मानगुटीवर बसलेली असते. काकांची आठ नाणी झाली, म्हणजे 400 ग्रॅम चांदी. ऑगस्टमध्ये चांदी किलोला सव्वा लाखाच्या आत होती. ऑक्टोबरमध्ये ती दीड लाखाच्या वर गेली. धनत्रयोदशीच्या चार दिवस आधी, 14 ऑक्टोबरला, मुख्य कार्यालयाचा ईमेल आला की नाण्यांऐवजी किलोला 1,15,000 रुपये या ऑगस्टच्या भावाने क्रेडिट नोट, म्हणजे डीलरच्या खात्यावर तेवढी रक्कम जमा दाखवणारा कागद, दिली जाईल. काकांच्या वाट्याला 46,000 रुपये आले. योजनेच्या पत्रकात ‘नाणे किंवा त्या किमतीची क्रेडिट नोट’ असे कुठेही लिहिलेले नव्हते.

हे सांगायला मी स्वतः गेलो. फोनवर सांगता आले असते, पण तेवढे धैर्य झाले नाही. गल्ल्यामागच्या फळीवर लक्ष्मीपूजनासाठी नव्या वह्या आणि लाल कापड काढून ठेवले होते. काकांनी चहा मागवला आणि त्यांची लांबट खातेवही उघडली. तिच्यात प्रत्येक कंपनीला एक पान आहे. आमच्या पानावर पेन्सिलीने ‘चांदी, नाणी 8’ असे लिहिलेले होते. त्यांनी खोडरबर घेतले, ती ओळ खोडली, फुंकर मारली आणि तिथेच ‘46,000’ लिहून पुढे तारखेची जागा मोकळी सोडली. हे सगळे होईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “साहेब, कंपनीला मी ओळखत नाही. माल मी तुमच्या तोंडाकडे बघून घेतला.”

ती तारखेची जागा आज, जानेवारी संपत आला तरी, मोकळीच आहे. काकांनी शेवटी जे कोणताही दुकानदार करेल तेच केले आणि आपल्या बिलातले 1,10,000 रुपये रोखून धरले. ती रक्कम 60 दिवसांच्या पुढच्या आउटस्टँडिंगमध्ये गेली. साठ दिवसांपुढची थकबाकी एकूण येण्याच्या पाच टक्क्यांवर गेली की इन्सेंटिव्ह शून्य, असा आपला नियम आहे आणि माझ्या भागात अशी दुकाने एक नव्हे, चार आहेत. ऑक्टोबर-डिसेंबरचे टार्गेट पूर्ण करूनही माझ्या विवरणात इन्सेंटिव्हच्या रकान्यापुढे शून्य आहे. ते मिळाले असते तर 75,000 रुपये असते. कंपनीने डीलरचे पैसे वेळेवर दिले नाहीत, म्हणून डीलरने कंपनीचे अडवले, आणि त्याचा दंड ज्याच्या हातात क्रेडिट नोट काढण्याचा अधिकार नाही त्याला झाला. असा उलटा हिशेब कोणत्या लेखापालाला पटतो, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे.

पण पैशाचे एक वेळ सोडून देता येईल. गेल्या 14 वर्षांत मला त्या दुकानात कधी उभे राहावे लागले नव्हते. गेल्या दोन भेटींत कोणी स्टूल पुढे केले नाही.

विक्रीच्या माणसाकडे कारखाना नसतो, पेटंट नसते, गोदामही नसते. त्याच्याकडे बाजारातला शब्द असतो आणि नोकरी बदलताना तो एवढीच वस्तू बरोबर नेतो. ठाण्यात जांभळी नाक्याच्या आसपास, वाशी-तुर्भ्यात किंवा मुंबईत लोहार चाळीत बसणारा व्यापारी कंपन्यांचे लोगो पाहून उधारीवर माल उचलत नाही. ‘हा माणूस बोलला तर ते होते’ एवढ्यावर तो उचलतो. तो शब्द कंपनी दर योजनेत थोडाथोडा खर्च करत असेल, तर शहाणा माणूस हिशेब करतो की, तो पूर्ण संपायच्या आत दुसरीकडे गेलेले बरे, म्हणजे निदान याच दुकानांत नव्या कंपनीच्या नावाने पुन्हा उभे राहता येईल. गेलेल्या पाचांपैकी दोघांनी मला जवळपास याच शब्दांत सांगितले. अशा माणसाला आणखी दोन वर्षे थांबण्याचे 1,80,000 रुपये देऊ करणे म्हणजे त्याची उरलेली पत तेवढ्या किमतीला मागणे होय. तो का विकेल?

तिसरे कारण थोडक्यात सांगतो. आपल्याकडे पगार वाढतो तो दुसऱ्या कंपनीचे ऑफर लेटर टेबलावर टाकल्यावर. दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकाने असे पत्र दाखवले आणि आठवड्यात त्याचा पगार सव्वापट झाला. त्याच्यापेक्षा अधिक विक्री करणाऱ्या आणि तोंड न उघडणाऱ्या सहकाऱ्याला त्या वर्षी सहा टक्के वाढ मिळाली. त्यानंतर टीममधल्या प्रत्येकाने आपला बायोडेटा अद्ययावत केला. म्हणजे नोकरी शोधायला आम्हाला कंपनीनेच शिकवले. या वेळी ‘निवडक’ यादीत कोण आहे आणि कोणत्या कसोटीवर, हेही कोणी सांगितलेले नाही, पण यादीत नसलेल्या दोघांना आपली जागा कळली आहे आणि ते दोघे काय करत आहेत याचा अंदाज बांधायला फार हुशारी लागत नाही.

आपण विचाराल की जाणाऱ्यांनी हे सारे कधी सांगितले का नाही. सांगितले, पण आपण विचारलेल्या जागी नाही. राजीनामा देणाऱ्याला एक ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. त्यात कारणांची यादी असते आणि तिच्यात पहिले कारण ‘अधिक चांगली संधी’ हे असते. फुल अँड फायनल (शेवटचा हिशेब) आणि रिलिव्हिंग लेटर (कार्यमुक्तीचे पत्र) अजून कंपनीच्या हातात असताना त्या यादीतले दुसरे कारण निवडण्याइतका भोळा माणूस विक्री विभागात सापडणार नाही. मग आपल्या बैठकीत पडद्यावर मोठा निळा पट्टा येतो, ‘अधिक चांगली संधी’, आणि त्यावरून असा निष्कर्ष निघतो की बाजारात पगार जास्त आहेत, बोनस वाढवा.

काही गोष्टी लहान आहेत, पण रोजच्या आहेत. हजेरीच्या अ‍ॅपवर सकाळी साडेनऊला पहिल्या दुकानासमोरून नोंद करावी लागते. ठाण्यातली इलेक्ट्रिकची दुकाने साडेदहाच्या आत उघडत नाहीत, त्यामुळे तासभर आम्ही बंद शटरसमोर चहा पितो आणि अ‍ॅपमध्ये तो तास ‘ग्राहकाबरोबर’ म्हणून मोजला जातो. गायमुखच्या घाटात किंवा मुंब्रा बायपासवर गाडी दीड तास अडकली तर मात्र लाल खूण येते. 15 ऑक्टोबर 2024 पासून सरकारने मुंबईच्या प्रवेशद्वारांवरील नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ केला. ऐरोली आणि मुलुंडच्या नाक्यांचे पैसे त्याच महिन्यापासून आमच्या प्रवासभत्त्यातून वजा झाले. ते योग्यच होते. इतक्या तत्परतेने हिशेब करणारा विभाग काकांची क्रेडिट नोट काढायला तीन महिने का घेतो, एवढेच विचारावेसे वाटते.

हातात नोकरी नसताना गेलेली सहकारी खारघर-तळोज्याकडच्या बांधकाम प्रकल्पांचे काम पाहत असे. तिथल्या साइटवर बाईमाणसाला जाता येईल असे स्वच्छतागृह बहुधा नसते, म्हणून ती सकाळपासून पाणी पीत नसे. दोनदा मूत्रमार्गाचा संसर्ग झाल्यावर तिने दिवसाच्या सात भेटींऐवजी चार कराव्यात अशी परवानगी मागितली. ती मिळाली नाही. 90,000 रुपये खात्यात आल्यानंतर तिसऱ्या दिवशी तिने राजीनामा दिला. यापेक्षा अधिक मी तिच्या वतीने लिहिणे बरे नाही.

आता नव्या बोनसच्या अटींविषयी. घरकर्जामुळे मी जुन्या करप्रणालीत आहे आणि 30 टक्क्यांच्या टप्प्यात येतो. पहिल्या हप्त्याच्या 90,000 रुपयांतून उपकरासह 28,080 रुपये कर कापला जाईल आणि माझ्या हाती 61,920 रुपये येतील. मी दीड वर्षाने नोकरी सोडली तर कंपनीला 90,000 रुपये परत हवे आहेत. म्हणजे जे 28,080 रुपये मी कधी पाहिलेच नाहीत तेही मी खिशातून द्यायचे आणि आर्थिक वर्ष उलटून गेल्यावर ते प्राप्तिकर खात्याकडून कसे मिळवायचे हे माझे मी पाहायचे. शिवाय अठरा महिने इमानाने काम करूनही वसुली पूर्ण रकमेची होणार, काढलेल्या महिन्यांचा हिशेबच नाही.

अशी अट घालणे बेकायदा आहे, असे माझे म्हणणे नाही. 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एका सार्वजनिक बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या सेवेची अट आणि ती मोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची तरतूद ग्राह्य धरली, हे मी वाचले आहे. त्या प्रकरणात नव्या भरतीचा खर्च आणि वेळ हा मुद्दा होता, हेही वाचले आहे. प्रश्न कायद्यापेक्षा उपयोगाचा आहे. ज्याला बाजारात मागणी आहे त्याची वसुली नवी कंपनी जॉइनिंग बोनसमधून भागवते, हे आपल्यालाही माहीत आहे, कारण आपणही दुसऱ्यांची माणसे अशीच आणली आहेत. मग अटीत अडकतो तो ज्याला कोणी घ्यायला तयार नाही तो. चांगला माणूस जाईल आणि ज्याच्या जाण्याने फरक पडला नसता तो दोन वर्षे राहील, यासाठी कंपनी पैसे मोजणार आहे का?

दीर्घ सेवेचा मोबदला हवा असेल, तर तो कायद्याने 1972 पासून ठरवून दिलेला आहे. ग्रॅच्युइटी पाच वर्षांच्या सेवेनंतर मिळते आणि दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचे वेतन असे तिचे गणित आहे. आमच्या पगारपत्रकांत मूळ वेतन लहान आणि भत्त्यांची रांग मोठी असल्याने ती रक्कम आखडते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग वेतनात धरण्याची तरतूद आहे. त्याप्रमाणे आमची पगारपत्रके कधी बदलणार, हे परिपत्रकात असते तर मी ते अधिक आनंदाने वाचले असते. राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत वेतन चुकते करावे, असेही त्याच संहितांपैकी वेतन संहितेत आहे. नोव्हेंबरअखेर गेलेल्या माझ्या दोन सहकाऱ्यांचा हिशेब आजतागायत झालेला नाही.

तेव्हा माझ्या आणि माझ्याबरोबर हे पत्र वाचून ‘पाठवा’ म्हणणाऱ्या तिघांच्या मागण्या अशा आहेत.

इन्सेंटिव्हचे नियम तिमाही सुरू होण्यापूर्वी लेखी द्यावेत आणि तिमाही संपेपर्यंत त्यांत बदल करू नये. बदल करायचाच असेल तर तो पुढच्या तिमाहीपासून लागू व्हावा. वायरचे टार्गेट रुपयांऐवजी बंडलांत ठरवावे, म्हणजे तांब्याच्या भावाचे श्रेय आणि दोष या दोन्हींतून आम्ही सुटू आणि आपणही. एप्रिल-जून 2024 मध्ये मागाहून कापलेला इन्सेंटिव्ह परत करावा, गेलेल्यांचाही.

डीलरला जाहीर केलेल्या योजनेचा दावा 30 दिवसांत निकाली काढावा. जाहीर झालेली योजना मध्येच बदलू नये. ज्या थकबाकीमागे कंपनीकडे पडून असलेला दावा आहे ती आमच्या पाच टक्क्यांत मोजू नये. या एका मागणीची किंमत आपल्याला सर्वात कमी पडेल आणि माझ्या समजुतीप्रमाणे माणसे थांबण्यासाठी तिचा उपयोग सर्वात जास्त होईल. बाकीच्यांवर विचार करायला वेळ हवा असेल तर घ्यावा, ही मात्र या महिन्यात व्हावी.

रिटेन्शन बोनस द्यायचाच असेल तर यादीची कसोटी जाहीर करावी, वसुली हाती आलेल्या रकमेचीच करावी आणि उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात करावी. नोटीस पीरियड 30 दिवसांचाच ठेवावा. जाणाऱ्याला कारण विचारायचे ते त्याचा सर्व हिशेब चुकता केल्यानंतर, आणि कंपनीबाहेरच्या माणसाकरवी विचारावे. साइटवर काम करणाऱ्या स्त्री सहकाऱ्यांच्या भेटींची संख्या त्यांच्याशी बोलून ठरवावी. अ‍ॅपची पहिली नोंद साडेदहाची करावी, हे तर एका फोनवर होण्यासारखे आहे.

स्वीकृतिपत्र माझ्या बॅगेत आहे. वरच्या मागण्यांपैकी डीलरांचे दावे आणि इन्सेंटिव्हचे नियम यांविषयी लेखी उत्तर आले, तर बोनसची रक्कम कितीही असली तरी मी थांबेन, आणि न आले तर 1,80,000 रुपयांसाठी थांबणार नाही. हे मी माझ्या वरिष्ठांना तोंडी सांगितलेले आहे, आता आपल्यालाही सांगत आहे.

येत्या सोमवारी माझा घणसोलीचा बीट आहे. अकराच्या सुमारास मी काकांच्या दुकानात असेन. बाकीच्या उत्तराला वेळ लागला तरी चालेल, पण 46,000 रुपयांची ती क्रेडिट नोट त्याआधी निघावी, ही विनंती.

आपला नम्र,
ठाणे-नवी मुंबई विभागातील एक एरिया सेल्स मॅनेजर